आठ तास शिल्लक

रविवार, २१ मार्च २०१०. सामना दुपारी चारचा, वीस षटकांचा. हजर : आबा भावजी, आमचे हे, भजनाचे नाना बुवा, मी (येऊन-जाऊन). दिवा लावला ३.५५, बंद केला ७.२०. शिल्लक ५५ तास.

माझ्या निळ्या वहीतली ही शेवटची नोंद. वही आमच्या घरातल्या प्रोजेक्टरची. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, बुधवारी, मी शाळेच्या ऑफिसात दहावीच्या परीक्षेचे कागद लावत होते आणि साडेअकराला ह्यांचा फोन आला. हे शाळेत कधी फोन करत नाहीत, त्यामुळे रिसीव्हर कानाला लावायच्या आधीच मी खुर्चीत बसून घेतलं. "आबा गेलो गो," एवढंच म्हणाले. घरासमोरच्या खळ्यात आंब्याच्या सावलीला खुर्ची टाकून भावजी चहा पीत बसले होते. अर्धा कप संपला होता, अर्धा तसाच होता... डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, त्यांना कळलंही नसेल. वय बासष्ट. घरी पोचले आणि सवयीने कागद-पेन घेऊन यादी करायला बसले : कोणाला कळवायचं, लाकडं कुठून, भटजी कोण. नाना बुवांनी तो कागद माझ्या हातातून अलगद काढून घेतला. "वयनी, आज तू नको. आज आमी बघतव," म्हणाले. तीस वर्षांत माझी यादी दुसऱ्याने हातात घेतली, ती त्या दिवशी.

आबा भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. नात्याने धाकटे, वयाने माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे. मालवाहू बोटींवर इलेक्ट्रिशियन होते. अर्धं आयुष्य पाण्यावर काढून १९९८ साली आचऱ्याला घरी आले ते एक ट्रंक, एक टूलबॉक्स आणि एक पांढरी टोपी घेऊन. लग्न केलं नव्हतं. त्याची कारणं मी कधी विचारली नाहीत आणि त्यांनी सांगितली नाहीत. घरात आले तेव्हा मला जरा धास्तीच होती. माझं घर वेळापत्रकावर चालतं. स्वयंपाकघराच्या दाराला आतून कामांची यादी लावलेली असते, प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचं नाव असतं, काम झालं की खूण. ह्यांनी लग्नानंतर दहा वर्षांनी त्या यादीशी तह केला. भावजींनी पहिल्याच दिवशी ती वाचली आणि म्हणाले, "बोटीर पण अशीच यादी असता. फकत थंय शेवटी कॅप्टनची सही असता. हयसर कोणाची?" मी म्हटलं, "माझी." तेव्हापासून घरातला नळ, पंखा, पंप, मिक्सर या सगळ्यांपुढे त्यांचं नाव लागलं आणि खुणा वेळेवर पडू लागल्या.

त्यांचा दुसरा संसार क्रिकेटचा. भात कापून झालं की आमच्याकडे मळ्यांमध्ये टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात आणि आचऱ्यापासून कट्टा गावापर्यंत अंपायर म्हणून आबा भावजींना बोलावणं असायचं. बोटीवरची ती पांढरी टोपी घालून उभे राहिले की कोणी हुज्जत घालत नसे. मानधन घेत नसत, फक्त वेळेवर चहा लागत असे. भांडणारे दोन्ही संघ एकमेकांना सांगायचे, "आबान दिल्यान मरे, मगे गप बस."

जानेवारी २००६ मध्ये कट्ट्याजवळच्या एका मळ्यात त्यांनी एक धावबाद दिला. फलंदाज क्रीझच्या आत चांगला दोन हात पोचला होता. भावजींचं बोट वर गेलं. मग कडेच्या बांधावरून कोणीतरी ओरडलं, "आबा, चष्मो घरी रवलो काय रे?" सगळे हसले. भावजींनी आजूबाजूच्या तोंडांकडे पाहिलं. चूक झाली हे त्यांना तोंडांवरून कळलं, चेंडूवरून नाही. त्यांनी फलंदाजाला परत बोलावलं, टोपी काढून दुसऱ्या अंपायरच्या हातात दिली आणि मैदानाबाहेर चालते झाले. गावात झालं, आबा रुसला, आबाला लोकांचं हसणं लागलं. भावजींनी ते तसंच होऊ दिलं.

त्या संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी बांगडे साफ करत होते. "कोणाक सांगूचा नाय, कबूल कर, मगे सांगतंय," म्हणाले. मी कबूल केलं. "चेंडू समोर येता आणि मधीच नायसो होता गो वयनी. कडेन गेलो काय परत दिसता." कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना घेऊन गेले. डोळ्याच्या पडद्याची मधोमध झीज होत होती. गेलेलं परत येणार नव्हतं आणि राहिलेलं किती दिवस राहील तेही सांगता येत नव्हतं. "वस्तू मोठी करून बघितली तर काही काळ दिसेल," एवढं डॉक्टरांनी सांगितलं. परतीच्या एसटीत घाट उतरल्यावर भावजी म्हणाले, "वाचूक नाय इला तरी चलात. पण चेंडू दिसाक होयो." बस्स, इतकंच. पुढच्या चार वर्षांत जे काही झालं ते या एका वाक्यासाठी झालं.

घरी आमचा टीव्ही वीस इंची. भावजी त्याच्यासमोर पाट टाकून इतके जवळ बसू लागले की मागच्याला नुसतं डोकं दिसायचं. ह्यांना डोळ्यांचं मी सांगितलं होतं (नवऱ्याला सांगणं म्हणजे कोणाला सांगणं नव्हे, असं मी धरून चालले), तरी हे एखादवेळी चिडायचे. "आबा, टीव्हीत शिरतंस की काय? शिर, आणि दोन रन काढून ये." २००७च्या फेब्रुवारीत भावजी कट्ट्याहून बाजार घेऊन आले ते मासे विसरून आले. बाजारातल्या मजल्यावरचा कॉम्प्युटर क्लास बंद झाला होता आणि सामान विकायला काढलं होतं. त्यात प्रोजेक्टर होता. मास्तरांनी तो भिंतीवर लावून दाखवला होता. "एकेक अक्षर नारळाएवढा!" भावजी सांगत होते. माशांची पिशवी रिकामीच हातात होती.

जुनी वस्तू विकत घ्यायची तर डोळे झाकून घेऊ नये, म्हणून मी अकरा प्रश्नांची यादी केली आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर गेले. पंख्याचा आवाज किती, वायरी सगळ्या आहेत का, रिमोट चालतो का, केबलचा टीव्ही जोडता येतो का, मोठ्या चित्राला भिंतीपासून किती अंतर लागतं... मास्तर तरुण होते, सभ्य होते. एकेक उत्तर देत होते, मी एकेक खूण करत होते. नववा प्रश्न दिव्याचा. त्यांनी मशीनचा मेनू उघडून दाखवला. दिवा एक हजार तीनशे सत्तर तास जळला होता. "दोन हजार झाले की मशीन आपोआप बंद होतं, काकी." दहावा प्रश्न, नवीन दिवा मिळतो का. "हे मॉडेल बंद झालंय. मुंबईत शोधलात तर एखादा मिळेल, पण त्याच्या किमतीत असं दुसरं मशीन येईल." मी दोन प्रश्नांपुढे फुली मारली. माझ्या नियमाप्रमाणे दोन फुल्या म्हणजे व्यवहार रद्द. तसं सांगायला मान वर केली तर भावजी खोलीत पुढे, भिंतीला लागून उभे. मास्तरांनी कुठलातरी जुना सामना लावला होता. भावजींनी तळहात भिंतीवर टेकवला होता आणि चेंडू त्यांच्या हातावरून सीमेकडे गेला. तो लिंबाएवढा पांढरा ठिपका त्यांच्या बोटांवरून जाताना मी बघितला. त्यांनीही बघितला.

"वयनी," मागे न वळता म्हणाले, "सहाशे तीस तास म्हणजे मॅची किती?"

"वन-डे आठ तासांची धरली तर अठ्ठ्याहत्तर."

"खूप झाल्यो."

अकरावा प्रश्न मी विचारलाच नाही.

माजघराची उत्तरेची भिंत पांढरी. ती दर वर्षी चवथीच्या आधी चुन्याने रंगवायची, कारण तिथे गणपती बसतो. भावजींनी प्रोजेक्टर समोर शिलाई मशीनच्या टेबलावर ठेवला, चित्र सरळ यावं म्हणून पुढच्या बाजूला पाटाचा तुटका पाय सरकवला, काचेच्या कौलावर गोणपाट टाकलं आणि जुन्या टेपरेकॉर्डरचे स्पीकर जोडले. खाऱ्या हवेत असली यंत्रं टिकत नाहीत, म्हणून सामना नसताना मशीन त्यांच्या बोटीच्या ट्रंकेत, भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसोबत. दर रविवारी रंगाच्या ब्रशने त्याची धूळ झाडायची. यादीत कामच लिहिलं होतं : 'प्रोजेक्टरची जाळी साफ करणे — आबा भावजी.' मार्चमध्ये वर्ल्ड कप होता. भिंतीवर खेळाडू माणसाएवढे दिसू लागले, निम्मी वाडी बघायला आली, आणि तीन सामन्यांत आपली टीम बाहेर! पुढचा महिनाभर भावजी बाजारात गेले की कोणी ना कोणी म्हणायचंच, "आबान थेटर काढल्यान आणि टीम घरी इली." भावजी शांतपणे उत्तर द्यायचे, "इली तर इली. जाताना दिसली मरे माका."

तासांची वही मी घातली. सामना कुठला, हजर कोण, दिवा कधी लावला, कधी विझवला, शिल्लक किती. एकदा सुरुवातीचा आकडा घेतला की पुढे वजाबाकी करायची, मशीनचा मेनू पुन्हा उघडायची गरज नाही, असा माझा शिरस्ता होता. नोंद चोख असेल तर तपासणी कशाला? महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघे भाऊ बसून कुठले सामने बघायचे ते ठरवत आणि त्यावरून भांडत. ह्यांना कसोटीचा शेवटचा दिवस हवा असायचा. भावजी म्हणायचे, "टेस्टीच्या एका दिसात दोन ट्वेंटी बसतत. तू रेडियो लाव." लोडशेडिंगचं वेळापत्रक मी दारावर चिकटवलं होतं. वीज अचानक गेली तर आतला पंखा थांबतो आणि तापलेला दिवा फुटतो, म्हणून वीज जायच्या दहा मिनिटं आधी भावजी प्रोजेक्टर बंद करत. समोर काहीही चाललेलं असो. एकदा शेवटच्या षटकात चार धावा हव्या असताना त्यांनी बटण दाबलं आणि नाना बुवा दोन दिवस आमच्या पायरीला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, म्हणाले, "आबा, तू अंपायरपण सोडलंस ता बरा केलंस. नायतर खेळ थांबवन फ्यूज काढलो असतंस." नवीन दिव्याचा विषय मी दोनदा काढला. भावजींनी दोन्ही वेळा एकच उत्तर दिलं : "जुन्या होडयेक नवीन इंजिन कोण बसयता गो?"

पहिल्याच वर्षीची, २००७ची चवथ मात्र कोणी विसरणार नाही. वीस षटकांचा वर्ल्ड कप पहिल्यांदाच होत होता आणि आपली टीम फायनलला पोचली. सोमवार. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. आमचा गणपती अकरा दिवसांचा. म्हणजे फायनलच्या संध्याकाळी पांढऱ्या भिंतीसमोर गणपती बसलेला, वर फळांनी लगडलेली माटवीची लाकडी चौकट, आणि त्याच संध्याकाळी वाडीच्या भजनाची पाळी आमच्या घरी! पाळ्या चवथीच्या आधीच ठरतात, त्या बदलत नाहीत. बसलेला गणपती हलवत नाहीत. आणि वीस इंची टीव्हीवर भावजींना चेंडू दिसत नाही. सकाळपासून भावजी आरतीची निरांजनं पुसत बसले होते. शेवटी ह्यांनीच तोंड उघडलं. "आबा, भिंत देवाची. पण खळा आपला आसा."

माझ्या लग्नातली पांढरी दुहेरी चादर मी काढून दिली. दोन पोफळीच्या खांबांना ती खळ्यात ताणून बांधली. पाऊस सकाळीच उघडला होता, पण समुद्रावरचा वारा होता आणि चादर शिडासारखी फुगायची. भावजींनी खालच्या कडेला दगड बांधले. साडेपाचला सामना सुरू झाला तेव्हा उजेडामुळे चादरीवर काहीच दिसेना, नुसता आवाज. लोक जमू लागले. पुढे जागा संपली तसे उशिरा आलेले चादरीच्या मागच्या बाजूला बसले. तिथूनही चित्र दिसत होतं, फक्त उलटं. अंधार पडला आणि मागून आरडाओरडा सुरू झाला, "आमच्याकडचे सगळे डावरे आसत!" पुढचे म्हणाले, "मगे तुमका अर्ध्यो रना."

भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन आलं ते बरोबर पहिला डाव संपत असताना. नाना बुवांनी खळ्यातली गर्दी पाहिली, चादर पाहिली, आत गणपतीकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे उलटे फिरतात. बुवांनी चपला काढल्या आणि मंडळाला म्हणाले, "मधली सुट्टी वीस मिन्टांची. अभंग दोन, गजर एक. आळवत बसाचा नाय." आयुष्यात एवढं वेगवान भजन मी ऐकलं नाही. गजराच्या शेवटी मृदंगवाल्याचं मनगट दुखू लागलं. दुसऱ्या डावाचा पहिला चेंडू पडायला आणि बुवा खळ्यात येऊन मांडी घालायला एकच गाठ पडली. पेटी त्यांच्या मांडीवरच होती.

माझ्या त्या दिवसाच्या यादीत चाळीस माणसांची काळ्या वाटाण्याची उसळ, पाव, चहा आणि विडे होते. भजनाला आलेला माणूस उसळ खाल्ल्याशिवाय जात नाही. मी आत-बाहेर करत होते. एकदा भावजींच्या बाजूने जाताना त्यांनी पदराचं टोक धरलं. "वयनी, बस आता. शेवटची ओव्हर." मी म्हटलं, "चाय उतू जायत, भावजी. दोन मिन्टांत इलंय." स्टोव्ह बारीक केला, कपबशा लावल्या आणि बाहेर असा काही आवाज उठला की माटवीतले नारळ हलले असतील. मी धावत आले. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली होती, मृदंग वाजत होता, मागच्या बाजूचे चादरीखालून रांगत पुढे येत होते. भावजी एकटे खुर्चीत बसून होते. मला बघितलं आणि दोन्ही हातांनी माझे हात धरले. चहाची गाळणी माझ्या हातात तशीच. "दिसलो गो! उंच उडालो, वर आभाळात, आणि खाली येयसर दिसलो माका. हातात गेलो थंयसर दिसलो!" बासष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी कितीतरी बंदरं बघितली असतील. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर दुसऱ्या कशाने पाहिला नाही. मी म्हटलं, "आणि माझो चुकलो." ते हसले. "तुझ्या यादीत मॅच खंय आसा? उसळ आसा, विडो आसा. मॅच लिहिलंसच नाय."

ही त्यांची पुढे कायमची थट्टा झाली. वहीत माझ्या नावापुढे मी प्रामाणिकपणे 'येऊन-जाऊन' लिहीत असे आणि ते ह्यांना मोठ्याने वाचायला लावत. खरंच, तीन वर्षांत मी एकही सामना पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून बघितला नाही. कधी कुकर, कधी शाळेची बिलं, कधी दळण. दिवा जळत असताना मला घड्याळ दिसायचं, खेळ नाही.

२००९च्या पावसाळ्यापासून त्यांना भिंतीवरही चेंडू दिसेनासा झाला. ते त्यांनी सांगितलं नाही, मला दिसलं. कोंबडी बघते तशी मान वाकडी करून बघू लागले होते, कडेच्या नजरेने. चेंडू कुठे गेला हे ते क्षेत्ररक्षकाच्या पळण्यावरून ओळखत आणि बहुतेक बरोबर ओळखत. मी एकदा विचारलं, "भावजी, त्रास होता काय?" तर म्हणाले, "बोटीर रातीचो किनारो दिसणा नाय, दिवे दिसतत. बंदर चुकणा नाय." वर्तमानपत्र वाचायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. हे सकाळी मोठ्याने वाचून दाखवत. आणि तरीही एक गोष्ट मला कळत नव्हती. मी शाळेतून घरी आले की ते सहज म्हणायचे, "नारळ पाडूक कोण येवक नाय हां अजून," किंवा "पंपाचा काम माझ्या नावार दोनदा लिहिलंस." दाराच्या आतली माझी बारीक अक्षरातली यादी त्यांना कोण वाचून दाखवत होतं? ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, मी नाही. मी पुढे चौकशी केली नाही. कामाच्या गर्दीत राहून गेलं.

तेरावं झाल्यावर मी त्यांची खोली आवरायला घेतली. प्रोजेक्टर ट्रंकेत नीट गुंडाळलेला होता, तांदळाची पुरचुंडी ताजी होती. पण ट्रंकेमागे एक स्टूल उलटं करून ठेवलेलं सापडलं. त्याच्या चार पायांमध्ये आडवी फळी आणि त्या फळीला सुंभाने पक्का बांधलेला आमच्या मुलाचा, मंदारचा जुना हँडीकॅम, तोंड खाली करून. मंदार पुण्याला नोकरीला लागला तेव्हा नवा घेऊन हा घरी टाकून गेला होता. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी वायर प्रोजेक्टरला जोडली, मी स्टुलाखाली सहज एक कागद सरकवला, किराण्याची चिठ्ठी होती. समोरच्या भिंतीवर 'गूळ अर्धा किलो' एवढं मोठं उमटलं की त्यातला 'गू' माझ्या डोक्याएवढा होता.

मी शाळेत आणि हे बागेत असताना, दुपारी कधीतरी अर्धा तास, भावजी एकटे बसून भिंतीवर वाचत होते. वर्तमानपत्राचं खेळाचं पान, बोटीवरच्या मित्रांची जुनी पत्रं, आणि दारावरून काढून परत लावलेली माझी यादी. मशीन चालू होतंच म्हणून तीन वर्षांत पहिल्यांदा मी मेनू उघडला. दिवा एक हजार नऊशे ब्याण्णव तास जळला होता. माझ्या वहीत पंचावन्न शिल्लक, मशीनवर आठ. सत्तेचाळीस तास नोंदीबाहेर! शाळेत पंचवीस वर्षांत माझ्या नोंदीत असा फरक पडलेला नाही. मला राग यायला हवा होता. मी हसले आणि मग डोळे पुसले. ह्यांनी घाईघाईने मशीन बंद केलं, "उगाच जळता," म्हणून.

निळी वही ट्रंकेतच होती. २१ मार्चच्या माझ्या नोंदीखाली जाड पेनाने, चढत गेलेल्या ओळींत त्यांचं अक्षर होतं. हात स्टुलाखाली आणि नजर भिंतीवर ठेवून लिहिलं असणार. सोमवारी किंवा मंगळवारी, कारण त्याआधी ते पान कोरं होतं आणि बुधवारी ते नव्हते. माझ्या यादीतल्या कामासारखंच लिहिलं होतं, काम आधी, नाव नंतर :

'एक मॅच पुरी बघणे. मधी उठूचा नाय — वयनी. ८ तास रवले आसत.'

आठ तास म्हणजे एक वन-डे. कट्ट्याच्या त्या क्लासात हा भागाकार मीच त्यांना करून दिला होता. वाचायला अजून हवं असणार, त्यांनी ते आठवर आणून थांबवलं आणि मशीन गुंडाळून ठेवलं.

आता मे संपत आला आहे. पावसाआधीची कामं दारावर लागली आहेत : कौलं परतणे, लाकडं आत घेणे, पंप काढून ठेवणे. माणसं बदलली, नावं बदलली, खुणा पडताहेत. प्रोजेक्टरची जाळी मी दर रविवारी त्यांच्याच ब्रशने झाडते. त्या कामापुढचं नाव मात्र बदललेलं नाही. नाना बुवा येतात, कौलावर गोणपाट आहे का बघतात आणि विचारतात, "मगे कधी, वयनी?" पुढच्या वर्षी वर्ल्ड कप आपल्याकडेच आहे. कुठला सामना धरायचा यावर ह्यांचं आणि बुवांचं आत्तापासून वाजलं आहे. मी ठरवलंय, त्या दिवशी चहा ह्यांनी करायचा, कुकर लावायचा नाही, आणि शिलाई मशीनच्या टेबलाजवळची त्यांची खुर्ची मी घ्यायची. सामना अजून लांब आहे, तरी दुपारी मोकळी असले की मी दिवा न लावताच त्या खुर्चीत बसून बघते, किती वेळ न उठता जमतं ते. परवा अकरा मिनिटं बसले. मग दूध वर आल्याचा वास आला आणि उठले.

काम यादीत आहे. खूण अजून व्हायची आहे.